मृगाच्या माथ्यावरचे रिंगण

जूनच्या ७ किंवा ८ तारखेला सूर्य मृगात येतो आणि कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत वर्षाचे गणित सुरू होते. राब भाजून झालेले असतात, बी-बियाणे घरात आलेले असते, आणि घाटाकडे बघत माणसे पावसाचा अंदाज घेत असतात. ज्या नक्षत्राच्या नावाने हा पाऊस ओळखला जातो, ते नक्षत्र मात्र त्या दिवसांत कोणालाच दिसत नाही. सूर्य त्याच दिशेला असल्यामुळे ते दिवसाच्या उजेडात बुडालेले असते. मृग दिसतो तो सहा महिन्यांनी. भाताची झोडणी उरकलेली असते, त्याच जमिनीच्या ओलीवर वाल उभा असतो, शेंगा भरू लागल्या की शेतात पोपटीची मडकी लागतात, आणि त्या जाळाच्या बाजूला बसलेल्या माणसाने मान वर केली की सह्याद्रीच्या भिंतीवरून वर आलेले मृगाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे व्याध असे सारे चित्र एका नजरेत मावते. आपल्याकडे या आकृतीची ओळख इतकी जुनी आहे की लोकमान्य टिळकांनी वेदांच्या काळाची चर्चा करणारे १८९३ सालचे आपले पुस्तक याच तारकासमूहाच्या नावाने लिहिले. पुढील पानांचा विषय मात्र मृगाचे प्राचीनत्व नाही. मृग हा आकाशातला अगदी तरुण मुलूख आहे, आणि तिथले तरुण तारे ज्या वायूतून आणि धुळीतून जन्मले त्याच वायूचे आणि धुळीचे काय करतात, हा या प्रस्तावनेचा प्रश्न आहे.

त्यासाठी मृगातल्या दोन जागा पाहाव्या लागतात. पहिली जागा प्रसिद्ध आहे. बाणाच्या खाली, साध्या डोळ्यांनाही पुसटसा वाटणारा एक ठिपका आहे. द्विनेत्रीतून तो धुरकट दिसतो. हाच मृगातला मोठा तेजोमेघ, एम ४२, अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. दुसऱ्या जागेकडे सहसा कोणी बघत नाही. मृगाच्या डोक्याच्या ठिकाणी फिकट ताऱ्यांचा लहानसा त्रिकोण आहे. मृगशीर्ष हे नाव तिथूनच आले. त्यातला सर्वांत ठळक तारा लॅम्डा ओरायनिस. मृगशीर्षाचा योगतारा म्हणून बहुतेक अभ्यासक हाच तारा धरतात. अवरक्त आणि मायक्रोतरंगांत आकाशाचे नकाशे काढणाऱ्या दुर्बिणींना या ताऱ्याभोवती धूळ आणि वायू यांचे सुमारे २०० प्रकाशवर्षे व्यासाचे एक प्रचंड रिंगण सापडले आहे. रिंगणाच्या कडेवर दाट मेघ आहेत, आत तारे आहेत, आणि त्या ताऱ्यांना जन्म देणारा वायू मात्र आत जवळजवळ उरलेला नाही. पावसाचे नक्षत्र म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या डोक्यावरचे आकाश असे झाडून काढलेल्या खळ्यासारखे आहे.

तेजोमेघाला ताऱ्यांचा पाळणा म्हणण्याची पद्धत मराठीत रुळली आहे. शब्द गोड आहे, पण त्यामुळे एक गैरसमज पक्का होतो. पाळणा बाळाला सांभाळतो आणि बाळ पाळण्याचे काही बिघडवत नाही. इथे उलटे घडते. मेघ आपल्या वजनाने आकसतो, तारे जन्मतात, आणि त्यातले मोठे तारे पेटल्या क्षणापासून तो मेघ उधळायला लागतात. माझे म्हणणे इतकेच आहे, की एखाद्या मेघातून किती तारे जन्मतील हे ठरवताना मेघात वायू किती होता यापेक्षा पहिल्या मोठ्या ताऱ्यांनी तो किती लवकर हुसकावला, याला अधिक महत्त्व द्यायला हवे. रंगीत छायाचित्रांत आपण ज्याला सृजनाचा उत्सव समजतो, त्यातला पुष्कळसा उजेड मेघ संपत चालल्याचा आहे.

याचा पहिला पुरावा साध्या भागाकाराचा आहे, आणि तो मला सर्वांत जोरदार वाटतो. आपल्या आकाशगंगेत तारे घडू शकतील असा थंड, दाट, रेणूंच्या रूपातला वायू अंदाजे १०० कोटी सूर्यांच्या वजनाचा आहे. अशा मेघाला कोणी अडवले नाही तर तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने काही दशलक्ष वर्षांत कोसळेल. ५० लाख वर्षे धरू. म्हणजे आकाशगंगेत दरवर्षी २०० सूर्यांइतका माल ताऱ्यांत रूपांतरित व्हायला हवा. प्रत्यक्षात तो होतो दोन सूर्यांच्या आसपास. बेन झुकरमन आणि नील इव्हान्स या खगोलशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये या तफावतीवर बोट ठेवले, आणि तेव्हापासून प्रश्नाचा रोखच बदलला. तारे कसे जन्मतात हे विचारून भागत नाही. इतके थोडेच का जन्मतात, हे विचारावे लागते. शंभरातला एखाद-दुसरा वाटा कामी येतो आणि बाकीचा वायू पुन्हा विरळ होऊन विखुरतो. एवढी मोठी गळती घडवणारे काहीतरी हवेच.

ते काय असावे हे एम ४२ च्या मध्यभागी दिसते. तिथे ट्रॅपेझियम नावाचा चार ठळक ताऱ्यांचा चौकोन आहे, आणि त्यात थीटा-१ ओरायनिस सी हा तारा सूर्याच्या तीसपटीहून जड, पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३९,००० अंश. वय १० लाख वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. सूर्याच्या साडेचारशे कोटी वर्षांपुढे हे कालचे पोर म्हणावे लागेल. इतका तापलेला तारा आपला बराचसा प्रकाश अतिनील लहरींत ओततो. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उपटून काढतात. मूळचा मेघ निरपेक्ष शून्याच्या जेमतेम १० ते २० अंश वर असतो. इलेक्ट्रॉन सुटलेला वायू १०,००० अंशांवर जातो. तापमान शेकडो पटींनी वाढले, शिवाय एका रेणूचे चार कण झाले, तेव्हा दाब हजार पटींनी किंवा त्याहून अधिक वाढतो. स्वयंपाकघरात कुकरचे झाकण हा फरक थोडा वेळ धरून ठेवते. मेघाला झाकण नसते. तापलेला वायू भोवतीच्या थंड वायूला रेटत बाहेर निघतो, आणि ज्या बाजूला मेघ विरळ असेल तिथून फुटतो. बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी १९३९ मध्ये एक तारा भोवतालचा किती हायड्रोजन असा फोडू शकतो याचे गणित मांडले. पुढचा सारा विचार त्या पायावर उभा आहे.

प्रकाशाच्या जोडीला वारा येतो. अशा ताऱ्याच्या पृष्ठभागावरून सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने कण सुटतात. हा वारा फारच विरळ, म्हणून त्याचा जोर कितपत मानायचा याबद्दल बराच काळ शंका होती. २०१९ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या मोजणीने मृगापुरती ती शंका दूर केली. सोफिया ही विमानात बसवलेली दुर्बीण होती. तिने इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची १५८ मायक्रॉन लांबीची रेषा मृगाच्या तेजोमेघात सर्वदूर मोजली. तिथे सुमारे १३ प्रकाशवर्षे रुंदीचा एक बुडबुडा सापडला. त्याचा पापुद्रा सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने फुगतो आहे, आणि तो फुगायला लागून सुमारे २ लाख वर्षेच झाली आहेत. एकाच ताऱ्याच्या वाऱ्याचे हे काम. याच रेषेशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे, ते इथे सांगितलेच पाहिजे. ही लहर जमिनीवर पोहोचत नाही. हवेतली वाफ ती गिळते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवली, आणि जपानी सहकाऱ्यांच्या वर्णपटमापकाच्या मदतीने मृगासह अनेक तारकाजन्माच्या प्रदेशांत कार्बनची हीच रेषा मोजली. लोकल पकडून कर्जतहून मुंबई गाठणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की कुलाब्याच्या टोकावरच्या त्या संस्थेत मृगाच्या तापलेल्या धुळीचे नकाशे तयार झाले?

मोठे तारे मोजकेच असतात. मग ज्या मेघांत ते जन्मतच नाहीत, तिथे काय होते? तिथे लहान तारेही आपल्या परीने मेघ ढवळतात. जन्मणाऱ्या ताऱ्याभोवती वायूची फिरती तबकडी असते. तिच्यातला माल आत पडताना ऊर्जा सुटते, आणि तिचा काही भाग दोन्ही ध्रुवांकडून बारीक, वेगवान झोतांच्या रूपाने बाहेर पडतो. खोपोलीचे पॉवर हाऊस पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजवावे लागणार नाही. घाटमाथ्यावरच्या तलावांतले पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली कोसळते, आणि त्या कोसळण्याची ऊर्जा १९१५ पासून मुंबईला वीज पुरवत आली आहे. काहीतरी खाली पडल्याशिवाय ती ऊर्जा मिळत नाही. ताऱ्याचेही तसेच: जितका वायू आत पडेल तितक्या जोराने थोडा वायू बाहेर फेकला जाईल. म्हणजे ताऱ्याची वाढच स्वतःच्या वाढीला वेसण घालते. हे झोत मोठ्या ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाइतके संहारक नाहीत. मेघ उधळण्यापेक्षा तो ढवळत ठेवणे हे त्यांचे काम अधिक आहे.

उधळण सगळीकडे सारखी होत नाही, आणि म्हणून तेजोमेघांना ते विलक्षण आकार येतात. खोपोलीतून वर पाहिले की नागफणीचा सुळका दिसतो. खालापूरच्या दुसऱ्या अंगाला इर्शाळगडाचा सुळका आणि त्यातले नेढे. हे दगड कोणी तिथे उभे केलेले नाहीत. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, पावसाने आणि ओढ्यांनी मऊ भाग नेला, कठीण पाषाण मागे राहिला. आपण ज्याला सुळका म्हणतो ती झिजेतून उरलेली शिल्लक आहे. गरुड तेजोमेघातले जगप्रसिद्ध खांब अगदी याच अर्थाने शिल्लक आहेत. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये त्यांचे चित्र घेतले, आणि त्यांना सृजनाचे स्तंभ हे नाव मिळाले. जवळच्या तारकागुच्छाचा अतिनील प्रकाश मेघ खात येतो. वाटेत एखादी दाट गाठ आली की ती तग धरते आणि तिच्या सावलीतला वायू वाचतो. खांबाचे टोक म्हणजे ती गाठ, खांब म्हणजे तिची सावली. आपल्या सुळक्यांशी तुलना एवढ्यापुरतीच चालते; पाऊस वरून पडतो आणि पाणी उताराने वाहते, तिथला प्रकाश एका बाजूने येतो, म्हणून सगळे खांब ताऱ्यांकडेच तोंड करून उभे असतात. २०१५ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरून झालेल्या मोजणीनुसार या खांबांत मिळून सुमारे २०० सूर्यांइतका माल आहे आणि दर १० लाख वर्षांना ७० सूर्यांइतका वाफ होऊन जातो आहे. म्हणजे ३० लाख वर्षांत ते संपतील. सह्याद्रीच्या बेसॉल्टचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात आहे, हे लक्षात घेतले की त्या स्तंभांचे क्षणभंगुरपण नीट जाणवते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सर्वांत आकर्षक आहे. शेतकरी राब भाजतो. पालापाचोळा जळतो, पण त्याच जागी रोप तरारून येते. तसेच तारे मेघाला रेटतात, तेव्हा रेटलेला वायू कडेला साचून दाट होत नाही का, आणि त्यातून नवे तारे जन्मत नाहीत का? होतो, आणि जन्मतात. लॅम्डा ओरायनिसच्या रिंगणावरच्या बार्नर्ड ३० आणि बार्नर्ड ३५ या मेघांत कोवळे तारे आहेत. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कडेवर तारे दिसतात म्हणून ते रेट्यामुळेच जन्मले असे सिद्ध होत नाही. ती दाट गाठ आधीपासून असेल, ती कोसळणारच असेल, आणि प्रकाशाने फक्त तिच्यावरचे पांघरूण काढले असेल. गरुड तेजोमेघात हे मोजूनच पाहिले गेले. स्तंभांच्या अंगावर लहान लहान ७३ गाठी मोजल्या होत्या, आणि प्रत्येकीत तारा वाढतो आहे अशी कल्पना प्रचलित झाली होती. २००२ मध्ये अवरक्त प्रकाशात आत डोकावून पाहिल्यावर त्यांतल्या फक्त ११ गाठींमध्ये तरुण तारे असल्याची चिन्हे मिळाली. उरलेल्या गाठी बहुधा तशाच विरून जातील. राब भाजणारा शेतकरी राख त्याच वाफ्यात राखतो, वर माती पसरतो, पाऊस येईपर्यंत थांबतो. ताऱ्याजवळ असा राखणारा हात नाही. चालना मिळून जन्मलेले तारे खरेच आहेत. पण जमाखर्च मांडला तर खर्चाची बाजू फार जड पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. मेघ आकसण्याला मेघातली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्रेही विरोध करतात. मग सगळे खापर तरुण ताऱ्यांवरच का फोडायचे? मेघ जन्मतःच खळबळता असतो आणि त्यामुळे आकसणे मंदावते, हे खरे. परंतु मंदावणे वेगळे आणि थांबणे वेगळे. खळबळ आणि चुंबकत्व एवढ्यानेच काम भागत असेल, तर जुन्या तारकागुच्छांभोवती संथपणे तारे घडवणारा वायू अजून शिल्लक दिसायला हवा. तो दिसत नाही. काही दशलक्ष वर्षांचे झालेले गुच्छ उघडेबोडके असतात. यापुढचा पुरावा आपल्या आकाशगंगेबाहेरचा आहे. एनजीसी ३०० या जवळच्या दीर्घिकेत थंड वायू कुठे आहे आणि तरुण मोठे तारे कुठे आहेत, यांचे नकाशे २०१९ मध्ये एकमेकांवर ठेवून पाहिले गेले. बारकाईने पाहिले तर दोन्ही क्वचितच एका जागी सापडतात. त्यावरून काढलेला हिशोब असा, की मेघाचे आयुष्य सुमारे १ कोटी वर्षे, मोठे तारे पेटल्यानंतर तो उधळायला लागणारा वेळ सुमारे १५ लाख वर्षे, आणि त्याचा ताऱ्यांत गेलेला वाटा शेकडा दोन ते तीन. मोठ्यातला मोठा तारासुद्धा स्फोट होऊन मरायला सुमारे ३० लाख वर्षे घेतो. म्हणजे अतिनवताऱ्यांचे स्फोट सुरू होण्याआधीच काम उरकलेले असते. कोवळ्या ताऱ्यांचा प्रकाश आणि वारा यांनीच ते केले, असे म्हणण्याला यापेक्षा चांगला आधार आज नाही.

तिसरा आक्षेप शाळेतली मुलेही घेतात आणि तो योग्यच आहे: लाखो वर्षांच्या गोष्टी तुम्ही एका फोटोवरून कशा सांगता? एका फोटोवरून सांगत नाही. गरुड तेजोमेघाचे दुसरे चित्र हबलने २०१४ मध्ये घेतले. १९ वर्षांत एका कोवळ्या ताऱ्याचा झोत सुमारे १०० अब्ज किलोमीटरने लांबलेला त्यात दिसला. बदल डोळ्यांदेखत मोजता येतो. बाकीचे वेग आपण वर्णरेषांच्या सरकण्यावरून मोजतो, रेल्वेच्या भोंग्याचा आवाज जवळ येताना आणि दूर जाताना बदलतो त्याच तत्त्वाने. आणि तोच मेघ वेगवेगळ्या लहरींत पाहिला की त्याचे वेगवेगळे थर हाती येतात. इथे घाटाच्या पलीकडचे एक नाव अपरिहार्य आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ज्या धुळीआड साधा प्रकाश अडतो, ती धूळ रेडिओ लहरींना आडवी येत नाही. सुटे इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना रेडिओ लहरी सोडतात. खोडदच्या तबकड्या त्या टिपतात, आणि मेघाच्या पोटात किती वायू फुटून तापला आहे याचा थेट हिशोब मिळतो. बलूनवरून तापलेल्या धुळीचा नकाशा आणि खोडदवरून तापलेल्या वायूचा नकाशा असे दोन्ही शेजारी ठेवून अभ्यास करण्याची परंपरा मुंबई-पुण्याच्या संशोधकांनी जोपासली आहे, आणि ती परदेशी चित्रांच्या झगमगाटात मराठी वाचकाच्या नजरेआड राहू नये असे मला मनापासून वाटते.

आता पुन्हा मृगाच्या डोक्याकडे. एम ४२ मध्ये आपण ज्या कामाची सुरुवात पाहतो, त्याचा शेवट इथे, तेवढ्याच तेराशे प्रकाशवर्षांच्या आसपास, दिसतो. लॅम्डा ओरायनिसभोवतीचा गुच्छ सुमारे ५० लाख वर्षांचा आहे. त्यातले लहान तारे वयाने कोवळे आहेत, इतके की ते जन्मस्थानापासून फार लांब गेलेले असू शकत नाहीत; तरीही त्यांच्याभोवती वायू नाही. तारे सोडून गेले नाहीत, वायू गेला. सुमारे १० लाख वर्षांपूर्वी इथल्या एका मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला असावा आणि शेवटचा झाडू त्याने फिरवला असावा, असे एक मत आहे. तसे असेल तर प्रकाश आणि वारा यांच्या वाट्याला इथे थोडे कमी श्रेय जाईल, हे मान्य केले पाहिजे. गाया उपग्रहाच्या मोजणीत या गुच्छातले तारे केंद्रापासून बाहेर पसरताना दिसतात. ज्या वायूच्या वजनाने ते एकत्र बांधलेले होते तो निघून गेल्यावर गुच्छ सैल पडावा, हे अपेक्षितच आहे. मेघ गेला, आणि त्याच्यामागून गुच्छाचे एकत्र राहणेही चालले आहे.

हे सारे साध्या डोळ्यांना दिसत नाही. पण कुठे पाहायचे ते कर्जत-खालापूरच्या अंगणातून आजही ठरवता येते. पश्चिमेकडे पनवेल-नवी मुंबईच्या दिव्यांनी आकाश पांढुरके झाले आहे, द्रुतगती मार्ग आणि खोपोलीचे कारखाने यांचा उजेड त्यात भर घालतो. तरी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांवरून पूर्वेचे आकाश बऱ्यापैकी काळे मिळते. कर्जत-मुंबई रेल्वेमार्गावर, नेरळच्या पलीकडे वांगणीला, खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन होत आले आहे. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग बराच वर आलेला असतो. बाणाच्या खाली द्विनेत्री लावावी, तिथे धुरकट उजेड दिसेल. मग बाणावरून वर, दोन खांद्यांच्या मधून डोक्याकडे यावे आणि हात लांब करून मूठ त्या लहान त्रिकोणावर धरावी. मुठीने झाकलेल्या जागेत तिन्ही फिकट तारे असतील, आणि मुठीच्या कडेच्या आसपास, डोळ्यांना न दिसणारे, त्यांतल्या लॅम्डा ओरायनिसच्या गुच्छाने बाहेर रेटलेले रिंगण असेल.